दस्त झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही काही हाती लागलं नाही. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. विकास आराखड्यात ही जागा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. आराखडा गुप्त नव्हता, नकाशा नगररचना विभागात होता. तरीही तिथे चार-चार मजले चढले, खोल्या विकल्या गेल्या, एजंटांनी दलाली घेतली आणि लोकांनी संसार मांडले. आरक्षण काय आहे, हे त्या अडीच हजारांपैकी किती जणांनी घर घेण्यापूर्वी विचारलं असेल? आणि विचारलं असतं तर खरं उत्तर देणारं कोण होतं?

वसई-विरारमध्ये बिल्डरकडून नवं घर घेताना काय पाहावं याच्या याद्या भरपूर मिळतात. त्यांत रेरा क्रमांक, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), पार्किंग, वास्तुशास्त्र असं सगळं एका ओळीत मांडलेलं असतं. माझं म्हणणं असं की इथला मूळ घोटाळा पुराव्याचा आहे. घर पक्कं असल्याचा पुरावा म्हणून घेणारा ज्या कागदांवर विसंबतो, ते कागद खरे असतात, पण ते भलत्याच गोष्टी सिद्ध करतात.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवला, इंडेक्स टू हातात आला की ‘घर नावावर झालं’ असं म्हणून लोक पेढे वाटतात. नोंदणी सांगते ते इतकंच, की अमुक व्यक्तीने तमुक व्यक्तीशी अमुक तारखेला करार केला आणि मुद्रांक शुल्क भरलं. विकणाऱ्याची मालकी खरी आहे का हे पाहणं नोंदणी अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं आहे. घरपट्टीचंही तसंच. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्तीही लावू शकते. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, असं कायदाच म्हणतो. वीज मीटर म्हणजे वीज मिळते एवढंच. राहता राहिलं कर्ज. ‘बँकेने कर्ज दिलंय म्हणजे कागद तपासलेच असतील’ हे वाक्य वसईत चहाच्या टपरीपासून बुकिंग ऑफिसपर्यंत ऐकू येतं. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीत ज्या ६५ इमारती बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या, तिथल्या कित्येकांना गृहकर्ज मिळालं होतं, काहींना पंतप्रधान आवास योजनेचं अनुदानसुद्धा. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच.

सरकारी खिडक्यांवर प्रत्येक ठिकाणी पैसे घेतले जातात, आणि ‘ही इमारत मंजूर आहे का?’ हा प्रश्न एकाही खिडकीवर विचारला जात नाही. म्हणून तो विचारण्याचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात येऊन पडतं. हे न्याय्य नाही. नोकरीसाठी पहाटेची विरार लोकल धरणाऱ्या माणसाने सर्व्हे नंबर आणि झोन दाखले वाचायला शिकावं ही अपेक्षाच क्रूर आहे. पण दुसरा उपाय आज तरी दिसत नाही.

असं का झालं, याला इतिहास आहे. वसईची वाडी, केळी, पानवेली आणि विहिरी यांच्यावर बिल्डरांची नजर १९८०च्या दशकात वळली. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग वसईची खाडी ओलांडू लागला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन याच लोंढ्याविरुद्ध उभं राहिलं. १९९० मध्ये सिडको या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण झालं. पण विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडलं. मधल्या काळात शहर आराखड्याची वाट बघत थांबलं नव्हतं. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महापालिका झाली. आज आपण पाहतो ते तीन-चार वेगवेगळ्या राजवटींच्या परवानग्यांचं शहर आहे, काहींच्या परवानग्यांचं आणि काहींच्या डोळेझाकीचं. त्यामुळे ‘ही ग्रामपंचायत काळातली परवानगी आहे हो’ असं सांगणारा भेटला की समजावं, ज्या काळातली कागदपत्रं शोधणं सर्वांत अवघड, त्याच काळाचं नाव तो घेतो आहे. सिडकोच्या काळातही तिच्या हद्दीतल्या बहुमजली इमारतीला ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नव्हता.

कागद मागितला आणि कागद मिळाला, तरी काम संपत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विरार पोलिसांनी एक टोळी पकडली. महापालिका, सिडको यांच्यासह अनेक कार्यालयांचे बनावट शिक्के तिच्याकडे सापडले, आणि तपासात अशा बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ५५ इमारतींची यादी पुढे आली. सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, त्यांच्याकडे होतं. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांकसुद्धा होता. नव्हती ती फक्त महापालिकेच्या दप्तरातली फाइल. म्हणून सीसीची झेरॉक्स हातात घेऊन समाधान मानू नये. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन विरारला नगररचना विभागात जावं, लेखी अर्ज करून त्या सीसीची खातरजमा मागावी. उत्तर येईना तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा. यात महिना-दोन महिने जातात. बुकिंग ऑफिसमधला पोरगा म्हणेल, ‘सर, तोवर रेट वाढेल.’ वाढू द्यावा.

या विभागावर तरी किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न रास्तच आहे. मे २०२५ मध्ये अग्रवाल नगरीतल्या त्या ४१ इमारतींच्या प्रकरणात ईडीने छापे घातले आणि महापालिकेच्या नगररचना उपसंचालकांकडून कोट्यवधींची रोकड आणि दागिने जप्त केल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये माजी आयुक्तांनाही अटक झाली. ती अटक पुढे उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. घेणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवावं की तोंडी ‘सगळं क्लिअर आहे’ हे वाक्य साहेबाने उच्चारलं तरी त्याची किंमत शून्य. लेखी उत्तर आणि मूळ मंजूर नकाशा याच दोन गोष्टी मागाव्यात.

मंजूर नकाशा का, तर वसई-विरारचा दुसरा जुना प्रकार वरच्या मजल्यांचा आहे. सीसी खरी असते, पण चार मजल्यांची; इमारत सहा मजल्यांची. पाचव्या मजल्यावरचा वन बीएचके दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळतो, ‘टॉप फ्लोअर, हवा छान’ म्हणून. तो मजला कागदावर नाहीच. कधी सीसी फक्त जोत्यापर्यंतची असते आणि पुढची घेतलेलीच नसते. आपल्या फ्लॅटचा क्रमांक, विंग आणि मजला मंजूर नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगावं. दाखवता आलं नाही तर चहा पिऊन उठावं.

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आवश्यक आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि घरं ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. पालघर जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे क्रमांक अनेक वर्षं पी ९९००० ने सुरू होत आले आहेत. जाहिरातीतला क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. पण डोंबिवलीच्या त्या ६५ इमारतींनीही बनावट सीसी देऊन रेरा क्रमांक मिळवले होते. त्यानंतर, २०२३ मध्ये, महारेराने सीसीची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणाकडून करून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे २०२३च्या आधीची नोंदणी असेल तर जास्त सावध राहावं. महारेराच्या संकेतस्थळावर लोक क्रमांक जुळतो का एवढंच बघतात; खरा मजकूर त्याच्या आत असतो. प्रकल्प पूर्ण होण्याची मूळ तारीख कोणती होती आणि किती वेळा वाढवली, जमीन कुणाकडे गहाण आहे, कोणते दावे चालू आहेत, याच बिल्डरच्या आधीच्या प्रकल्पांवर किती तक्रारी आहेत. गहाण असणं गुन्हा नाही, बहुतेक प्रकल्प गहाणच असतात; पण मग ज्या वित्तसंस्थेकडे गहाण आहे तिचं तुमच्या फ्लॅटपुरतं ना-हरकत पत्र हवं.

आता जमिनीकडे. घर बघायला गेल्यावर माणूस आधी सॅम्पल फ्लॅट बघतो, मग दर विचारतो, मग कागद. हा क्रम उलटा करावा. पहिला प्रश्न सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. तो मिळाला की महाभूलेखवर सातबारा दिसतो आणि इतर हक्कांचा रकाना वाचता येतो. वसई तालुक्यात या रकान्यात काय काय सापडू शकतं! कुळाची नोंद, नवीन शर्त, वारसांची भांडणं. पूर्वेकडच्या पट्ट्यात, वालीव, पेल्हार, धानीव भागात, आदिवासी खातेदार आणि वनजमीन हे दोन विषय कायम असतात. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मध्ये ही बंदी आहे, आणि असा व्यवहार कित्येक वर्षांनीही उलटवला जाऊ शकतो. याच पट्ट्यात चाळींतल्या खोल्या नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर विकल्या जातात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे पुन्हा सांगावं लागतं यातच सगळं आलं. पश्चिमेला खाजण, मिठागरं आणि सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र. तीस वर्षांचा टायटल सर्च वकिलाकडून करून घ्यावा, आणि तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा. त्याच सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा घेतला की आरक्षण कळतं. अग्रवाल नगरीचं सगळं दुःख या एका कागदात आधीच लिहिलेलं होतं.

‘पुढे सगळं नियमित होईल’ हे आश्वासन वसई-विरारमध्ये निवडणुकांइतकं जुनं आहे. शासनाने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही अनधिकृत बांधकामांना प्रशमनाची, म्हणजे शुल्क भरून नियमित होण्याची, वाट ठेवली खरी, पण ती सरसकट नव्हती. कुठलंही नवं घर भविष्यातल्या माफीच्या भरवशावर घेऊ नये.

आणि हा प्रश्न नुसता कागदाचा नाही. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजय नगर भागात रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ माणसं गेली. इमारत जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती, आणि अनधिकृत. परवानगी नसलेल्या इमारतीत मातीची तपासणी कुणी केली, लोखंड किती घातलं, कोणत्या अभियंत्याने सही केली, हे विचारण्याची सोयच नसते. मंजूर इमारत पडत नाही असं नव्हे. पण तिथे जबाबदार माणसाचं नाव कागदावर असतं आणि ते त्या माणसाला ठाऊक असतं.

कागद निर्दोष असूनही घर राहण्याजोगं नसू शकतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण सरकारीच आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाने विरार-बोळींजला सुमारे दहा हजार घरांचा प्रकल्प उभारला. परवानग्यांची शंका नाही, बांधकाम पक्कं. तरी हजारो घरं वर्षानुवर्षं पडून राहिली, सोडती निघाल्या, ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ योजना निघाल्या. एक मोठं कारण पाणी. वसई-विरारला सूर्या धरणाच्या जुन्या योजनांतून दिवसाला सुमारे २०० दशलक्ष लिटर, उसगाव आणि पेल्हारमधून आणखी तीसेक दशलक्ष लिटर पाणी मिळत आलं. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता ४०३ दशलक्ष लिटर. त्यातले १८५ वसई-विरारचे, २१८ मीरा-भाईंदरचे. वसई-विरारच्या वाट्याचं पाणी २०२३च्या अखेरीस यायला लागलं, आणि परिस्थिती सुधारली हे मान्य करावं लागेल. पण शहराच्या टाकीत पाणी येणं आणि सातव्या मजल्यावरच्या नळाला येणं यात बरंच अंतर आहे. बिल्डर सांगेल, ‘सूर्याचं पाणी आलंय.’ सीसीच्या अटींत पाण्याबद्दल काय म्हटलंय ते वाचावं, आणि शेजारच्या दोन-तीन वर्षं जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं की मे महिन्यात टँकरवर किती खर्च होतो. मेंटेनन्सचा खरा आकडा तोच सांगतो.

पाण्याची दुसरी बाजू पावसाळ्यात. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा दिवसचे दिवस पाण्याखाली होते, रेल्वे बंद, वीज बंद, मिठागरांतली वस्ती तुटलेली. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी अभ्यास केला. जे आधी शेतं आणि खाजणं पोटात घेत होती ते पाणी आता भरावामुळे तळमजल्यांत शिरतं, हे सांगायला खरंतर तज्ज्ञांची गरज नव्हती. कुठल्याही जुन्या वसईकराला नाले पाठ असतात. प्लॉट बघायला जुलैत जावं, भरतीच्या वेळी, आणि रिक्षावाल्याला विचारावं की पावसात या रस्त्याला भाडं घेतोस का. ब्रोशरमध्ये विरार-अलिबाग कॉरिडॉर आणि वर्सोवा-विरार सागरी मार्ग यांची चित्रं असतात. त्यांच्या भरवशावर चौरस फुटाला एक रुपयाही जास्त देऊ नये. स्टेशनला जायची आजची वाट कशी आहे तेवढं बघावं.

एवढं सगळं जुळलं तर करार. इथे रेराने घेणाऱ्याच्या हातात बरंच दिलं आहे, फक्त ते वापरणारे थोडे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात पुढचे टप्पे ठरलेले आहेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, स्लॅब होता होता ७०, आणि शेवटचे ५ टक्के ओसीनंतर ताबा देताना. बिल्डर ‘डाऊन पेमेंट स्कीम’ म्हणून हे टप्पे पुढे ओढतो. सवलत कितीही गोड असो, शेवटचा हप्ता आपल्या हाती ठेवावा. ओसीसाठी बिल्डरला महापालिकेत पळवणारी ती एकमेव गोष्ट आहे. क्षेत्रफळ चटईक्षेत्राचं, म्हणजे कार्पेट एरियाचंच लिहिलेलं हवं. सुपर बिल्टअपच्या आकड्याला कायद्यात स्थान नाही. उघड्यावरचं पार्किंग विकता येत नाही. ताब्याची तारीख नेमकी हवी, कारण ती चुकली तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात किंवा थांबून दरमहा व्याज घेता येतं, आणि महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या एमसीएलआरपेक्षा २ टक्के जास्त आहे.

हे व्याज करारातल्या रकमेवर मिळतं, आणि इथेच रोखीचा व्यवहार अंगाशी येतो. वसई-विरारमध्ये अजूनही ‘थोडे कॅश द्या, दस्त कमी दाखवू, तुमचंच स्टॅम्प वाचेल’ असं सांगितलं जातं. वाचतात ते काही हजार. उद्या प्रकल्प बुडाला, तर रोख दिलेले लाख कुठल्याही न्यायाधिकरणासमोर सिद्ध करता येत नाहीत. बिल्डरला हे पक्कं माहीत असतं.

करांचं थोडक्यात: बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, ६० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, आणि इथली बरीच घरं त्यात बसतात. ओसी मिळाल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती कित्येक घरांत माहीतच नसते, किंवा माहीत असून घेतली जात नाही.

मग ताबा. ‘ओसी आठवड्याभरात येतेय, तोवर फिट-आउटसाठी चावी घ्या’ हे इथलं ठरलेलं वाक्य. चावी घेतली, फर्निचर केलं, गणपती बसवला की ओसीसाठी तगादा लावण्याचा जोर संपतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात निकाल देताना देशभरासाठी सांगितलं की ओसीशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याची जोडणी देऊ नये आणि बँकांनीही हे प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्यावं. अंमलबजावणी होईल तेव्हा होईल. आपण आपल्यापुरती ती आजपासून करावी, भाड्याच्या घरात आणखी चार महिने काढावे लागले तरी.

ताब्यानंतर लोक हुश्श करतात, आणि बिल्डरलाही नेमकं तेच हवं असतं. निम्म्याहून जास्त घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि पुढे जमिनीचं अभिहस्तांतरणही (कन्व्हेयन्स). ते टाळण्यात त्याचा फायदा असतो: उरलेला एफएसआय त्याच्याच नावावर राहतो. वसई आणि विरारमधल्या जुन्या इमारती आज पुनर्विकासाला निघाल्यावर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या वारसांच्या नावावर आहे, हे कळून हबकतात. मग मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे खेटे. पहिल्या सर्वसाधारण सभेत रंग कुठला द्यायचा यावर दोन तास वाद घालण्याऐवजी हा अर्ज कोण करणार ते ठरवावं. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरची आहे, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत ते विनाखर्च दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पहिल्या पावसात भिंतीला ओल आली तर वॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकून थांबू नये. स्पीड पोस्टाने पत्र पाठवावं, पोच जपून ठेवावी, आणि शेजारच्या फ्लॅटवाल्याचीही सही त्यावर घ्यावी.